सोळा आणे जमीन



विषय वाईचा आणि कृष्णाकाठचा आहे, पण सुरुवात पुण्याजवळच्या एका गावापासून करतो. गावाचं नाव पिंपळे सौदागर. आज हे नाव घेतलं की उंच इमारती, रुंद रस्ते आणि गाड्यांची गर्दी आठवते. 1917 साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी याच गावाची पाहणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. माती कशी, विहिरी किती, कर्ज किती, कोणाच्या वाट्याला किती तुकडे, सगळं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधावर जाऊन नोंदवलं. 1771 साली या गावात एका खातेदाराकडे सरासरी 40 एकर जमीन होती. 1915 पर्यंत ती 7 एकरांवर आली होती. एवढ्याशा शेतावर कुटुंबाचं पोट कसं भरणार, ही मॅनसाहेबांची चिंता होती. ज्या शेतांची त्यांनी इतक्या बारकाईने मोजदाद केली, ती शेतं आज नाहीत.

पुढच्याच वर्षी, 1918 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध लिहिला. बाबासाहेबांचं बालपण आपल्या साताऱ्यात गेलं, 7 नोव्हेंबर 1900 रोजी ते तिथल्या सरकारी शाळेत दाखल झाले, हे आपल्याला अभिमानाने ठाऊक असतं. हा निबंध मात्र फारसा वाचला जात नाही. शेत लहान आहे म्हणून शेती तोट्यात जाते, हे प्रचलित उत्तर त्यांनी मान्य केलं नाही. शेत मोठं की लहान हे एकरांवर ठरत नाही, त्यात घालायला भांडवल किती आणि त्यावर जगणारे हात किती, यावर ठरतं, असं त्यांचं म्हणणं. जमिनीवर पोट असणाऱ्यांची संख्या फार झाली आहे. उद्योगधंदे वाढवा, हा भार उतरवा, म्हणजे शेती आपोआप सुधारेल, हा त्यांचा उपाय होता.

आपण काय केलं? कृषी गणनेचे आकडे सांगतात की 1970-71 साली महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र 4.28 हेक्टर होतं. 2015-16 मध्ये ते 1.34 हेक्टर झालं. खातेदार 49 लाखांच्या पुढे होते, ते दीड कोटींच्या वर गेले. भार उतरला नाही, तिपटीने वाढला. त्याच काळात कारखाने आले, वसाहती झाल्या, हमरस्ते रुंदावले आणि त्यांना जमीन लागली. माणसांनी जमिनीवरून उतरून उद्योगात जायचं होतं. माणसं होती तिथेच राहिली आणि त्यांच्या पायाखालची जमीन तेवढी उद्योगाकडे गेली. आजच्या व्याख्यानात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे.

आता वाईकडे वळू. आपला तालुका लांबीने फार मोठा नाही, पण त्यात तीन तऱ्हेची शेती आहे. पश्चिमेला जोर, जांभळीकडे धो धो पाऊस आणि डोंगरउताराला बांध घालून केलेली भातखाचरं. मध्ये कृष्णेच्या दोन्ही तीरांवरची काळी, खोल, पाणी धरून ठेवणारी जमीन: हळद, ऊस, घेवडा, भाजीपाला. पूर्वेला महामार्गाच्या बाजूला पाऊस कमी होत जातो आणि शाळूचा पट्टा सुरू होतो. एका तालुक्यात भात, डाळ, भाकरी आणि हळद पिकते, असे तालुके महाराष्ट्रात बोटावर मोजण्याइतकेच असतील. या जमिनीच्या जोरावरच इथे घाट बांधले गेले, वाडे उभे राहिले, पाठशाळा चालल्या. नारायणशास्त्री मराठ्यांच्या प्राज्ञपाठशाळेत शिकणाऱ्या मुलांच्या ताटातला भात आणि विश्वकोशाच्या नोंदी लिहिणाऱ्या अभ्यासकांच्या घरातली भाकरी या खोऱ्यातून आली. विद्येच्या गावाने हे विसरू नये.

या खोऱ्याने जमीन आधीही दिली आहे. सत्तरच्या दशकात धोम धरण पुरं झालं. साडेतेरा टीएमसी पाण्याखाली नदीकाठची उत्तम जमीन गेली, कुटुंबं उठली. त्या कुटुंबांचं दुःख लहान नव्हतं. पण त्या पाण्याने खालच्या अंगाची कितीतरी जिरायत भिजली. एका शेताच्या बदल्यात दुसरी शेतं पिकली, निदान असा हिशेब तरी मांडता येत होता. आता जी जमीन जाते, तिच्या बदल्यात कुठेही एक दाणा पिकत नाही.

आणि ती एकदम जात नाही. पुण्याहून दीड-दोन तासांत इथे पोचता येतं. वर महाबळेश्वर-पाचगणी परिसर 17 जानेवारी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथल्या बांधकामावर बंधनं आहेत. ती असायलाच हवीत. पण वरची मागणी पसरणी घाट उतरून खाली येते, असं मला वाटतं. सुरूर फाट्यापासून वाईपर्यंत आणि वाईपासून धोमच्या जलाशयापर्यंत रस्त्याकडेचे फलक बघा. नदीदर्शन, डोंगरदर्शन, कंपाउंड तयार, सातबारा स्वतंत्र. घेणाऱ्याला काय हवं असतं? सपाट जागा, रस्ता, पाणी. शेतकऱ्याच्या आजोबाने शेतासाठी नेमकं हेच पाहिलं होतं. त्यामुळे मुरमाड माळ जागच्या जागी राहतो आणि गावातली पहिल्या प्रतीची जमीन सगळ्यात आधी विकली जाते.

पहिल्या प्रतीची, असं मी म्हटलं, ते मोघम नाही. ही प्रत आपल्या दप्तरात आकड्यांत लिहिलेली आहे. विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यात जमीनमोजणीची जी पद्धत घालून दिली आणि 1847 च्या संयुक्त अहवालाने जी पक्की झाली, तिच्यात प्रत्येक सर्व्हे नंबराची प्रतबंदी होई. माती किती खोल, रंग कोणता, चुनखडी आहे का, वाळू आहे का, उतार किती, पाणी साचतं का, हे सारं शेतात खणून पाहत. पावणेदोन हात खोल, बारीक काळी माती, दोष काही नाही, अशी जमीन सोळा आण्यांची. तिथून उतरत उतरत पाव हात मातीची जमीन दोन आण्यांवर येई. हेतू साराच होता, सरकारला महसूल हवा होता. इंग्रजांच्या साऱ्याने शेतकरी किती पिचला ते आपण जाणतो. पण त्या निमित्ताने या प्रदेशातल्या जमिनीची जी पारख झाली, ती आजही अभिलेखात पडून आहे. शिवाय राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेचं मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपुरात आहे. म्हणजे कोणती जमीन अन्नासाठी राखायची आणि कोणत्या जमिनीवर घर बांधलं तर बिघडत नाही, हे ठरवण्याचं ज्ञान आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांपासून आहे. बिनशेतीची परवानगी देताना सोळा आणे आणि दोन आणे एकाच रांगेत उभे राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. हाताएवढी खोल काळी माती तयार व्हायला बेसाल्टच्या खडकाला हजारो वर्षं झिजावं लागतं. पायाच्या खड्ड्यातून ती एका दुपारी निघते, भरावाला जाते, आणि पुन्हा मिळत नाही.

बिनशेती झालेल्या जमिनीची निदान नोंद होते. नोंद न होता जाणारी जमीन कितीतरी आहे. शेतघर म्हणून बांधलेला बंगला, भोवती हिरवळ, तारेचं कुंपण, मधे पोहण्याचा तलाव. सातबाऱ्यावर ही जमीन शेतीचीच असते. भाव वाढेल म्हणून घेऊन ठेवलेली आणि वर्षानुवर्षं पड राहिलेली जमीनही शेतीचीच. वीटभट्टीसाठी ब्रासच्या भावाने मळीची माती विकून खड्डा झालेलं रानही कागदावर रानच. मॅनसाहेब आज आले तर कागद बाजूला ठेवून बांधावर जातील. आपणही तसंच केलं पाहिजे.

कृष्णेच्या प्रवाहाबरोबर थोडं खाली उतरू, कारण सांगलीकडे जमीन जाण्याची एक वेगळी तऱ्हा दिसते. वाळवा, पलूस, मिरज, आणि शेजारच्या कोल्हापुरात शिरोळ, हा उसाचा सोन्यासारखा पट्टा. तिथे हजारो एकर रानावर पांढरी खार फुटलेली आहे. काळी जमीन, तिला निचरा कमी, वर पाट, उपसा जलसिंचन, बारमाही ऊस आणि पाण्याला मोजमाप नाही. जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर येते, क्षार वर आणते, मुळं कुजतात. आधी हरभरा जातो, शेवटी ऊसही उभा राहत नाही. नीरेच्या कालव्यावर हा अनुभव इंग्रजांच्या काळातच आला होता. आपण त्यापासून शिकलो नाही. या जमिनीवर कुणी इमारत बांधली नाही, रस्ता काढला नाही. शेतीनेच शेती खाल्ली. तरीही मला या गोष्टीतून बळ मिळतं, कारण इथे उलटी वाट चालणारी माणसं आहेत. शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र नळ्यांचं जाळं टाकलं, क्षाराचं पाणी चरांतून बाहेर काढलं आणि वर्षानुवर्षं पडलेली रानं पुन्हा पिकवली. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे. वरच्याच्या शेतातलं पाणी खालच्याच्या शेतातून जाणार, त्यामुळे बांधाला बांध असलेल्या सगळ्यांची संमती लागते. ती त्यांनी मिळवली. क्षाराने गेलेली जमीन अशी परत आणता येते. काँक्रीटखाली गेलेली येत नाही.

उसाबद्दल बोललो, तर ज्वारीबद्दलही बोललं पाहिजे. 1980 च्या सुमारास महाराष्ट्रात 60 लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्रावर ज्वारी होती. आता ती त्यातल्या थोड्याच क्षेत्रावर उरली आहे. काही जमीन सोयाबीनकडे गेली, काही उसाकडे, काही पडीक झाली. मी उसाचा वैरी नाही. किसन वीरांच्या नावाचा कारखाना आपल्याच भुईंजला आहे, उसाने या भागात शाळा, दवाखाने आणि पक्की घरं आणली. पण ज्वारी गेली तेव्हा धान्याबरोबर कडबाही गेला, कडब्याबरोबर जनावर गेलं, आणि जनावराबरोबर शेणखत गेलं. जमिनीतला सेंद्रिय अंश असा पायरीपायरीने कमी झाला. रानाची ताकद उतरली की उत्पन्न उतरतं, उत्पन्न उतरलं की विकण्याचा विचार मनात येतो.

इथे नेहमी एक प्रश्न येतो. देशाची गोदामं भरली आहेत, राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 सालीच झाला, माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, 2023 पासून तेही मोफत. मग वाईच्या चार एकरांचं काय एवढं? हा कायदा मी मोलाचा मानतो. भुकेवर हक्काने उत्तर देणारा तो कायदा आहे. पण त्यातून प्रामुख्याने गहू आणि तांदूळ मिळतो, आणि तो दूरच्या राज्यांतल्या शेतांतून येतो. त्या शेतांखालचं भूजल खोल चाललं आहे. डाळी आपण बाहेरून आणतो, खाद्यतेल तर निम्म्याहून जास्त परदेशातलं. पाच किलो धान्याने पोट भरतं. त्यासोबतचा घेवडा, भाजी, तेल, दूध जवळच्या जमिनीतूनच यावं लागतं.

दूरच्या धान्यावर जगण्याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. साठच्या दशकात अमेरिकेच्या गव्हावर देश चालत होता. 1965 साली वसंतराव नाईकांनी शनिवारवाड्यावरून दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्याची प्रतिज्ञा केली, ती या लाजेतूनच. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला वि. स. पाग्यांनी रोजगार हमीचा पहिला प्रयोग केला, तोही त्याच काळात. आणि 1972 चा दुष्काळ इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. खडी फोडण्याची कामं, सुकडी, आणि बाहेरून आलेला लाल मिलो. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत त्या मिलोची चव अजून माणसांच्या तोंडात आहे.

एका गोष्टीवर मला जरा थांबायचं आहे, कारण अन्नसुरक्षेच्या पुस्तकांत ती सहसा येत नाही. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, पगार बंद. हा संप इतका लांबला कसा? सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातले कामगार गावी परतले. गावाकडे अर्धा-एक एकराचा तुकडा होता, भावाने कसलेला, आईने राखलेला. त्या तुकड्यातली ज्वारी, नाचणी आणि तांदूळ खाऊन त्या घरांनी दिवस काढले. संप हरला, गिरण्या गेल्या, पण ती घरं उपाशी मेली नाहीत. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा मुंबई-नवी मुंबईतले माथाडी, रिक्षावाले, हमाल पुन्हा याच वाटेने साताऱ्याकडे आले. पुन्हा त्याच तुकड्यांनी त्यांना धरलं. अर्थशास्त्र या तुकड्यांना न परवडणारं धारणक्षेत्र म्हणतं. बाजारात ते परवडत नसेलही. संकटात मात्र या जिल्ह्याचा विमा तोच होता, आणि त्याचा हप्ता गावात राहिलेल्या बायकांनी खुरपं हातात धरून भरला. जमीन विकताना त्यांचं मत किती घरांत विचारलं जातं? बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतलं जातं, आईचा अंगठा लागतो, एवढंच.

मग विकणाऱ्याला दोष द्यायचा का? मुळीच नाही. 2024-25 साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3,421 रुपये होता. चांगल्या रानात एकरी आठ क्विंटल धरले, तरी साडेसत्तावीस हजारांच्या आत वर्षाचं पीक, त्यातून नांगरट, बियाणं, काढणी, मळणी वजा. उलट रस्त्याकडेला एका गुंठ्याचा भाव लाखांत जातो, आणि घरात मुलीचं लग्न, मुलाची फी किंवा कोणाचं तरी ऑपरेशन असतं. असा माणूस जमीन विकतो तेव्हा त्याच्याकडे दुसरी वाट नसते. त्याच एकराचा दुसरा हिशेबही मांडा. आठ क्विंटल म्हणजे आठशे किलो. रेशनचा माणशी वाटा वर्षाला साठ किलो. एक एकर तेरा माणसांचा वाटा दर वर्षी देतं, उद्याही देईल, नातवंडांनाही देईल. हे तेरा वाटे सगळ्या समाजाचे आहेत आणि त्यांची किंमत एकट्या शेतकऱ्याने भरावी अशी आपली अपेक्षा असते. चांगली जमीन अन्नासाठी राखायची असेल तर राखणाऱ्याला दर वर्षी काही मिळालं पाहिजे. समाजाच्या वतीने जो जमीन सांभाळतो, त्याचा तो मेहनताना आहे.

कायदे काय सांगतात ते थोडक्यात. कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याकडे आणली आणि बिगरशेतकऱ्याला ती घ्यायला बंदी घातली. पुढे औद्योगिक वापराच्या नावाने त्या बंदीला वाटा पडल्या. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने बारीक तुकडे रोखायचे होते. 2023 मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठ्यांवर आलं. 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला. भूसंपादनाच्या 2013 च्या कायद्यात अन्नसुरक्षेचं स्वतंत्र कलम आहे, दहावं. बहुपिकी बागायत जमीन अगदी निरुपाय असेल तेव्हाच घ्यावी, आणि घेतलीच तर तितकी पडीक जमीन लागवडीखाली आणावी किंवा तेवढी रक्कम शेतीसाठी भरावी, असं ते म्हणतं. पण महामार्ग, लोहमार्ग, कालवे यांना ते लागू नाही. नागपूर ते गोवा हा 802 किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखला गेला, तेव्हा सांगली-कोल्हापूरचे बागायतदार रस्त्यावर उतरले, त्यामागे ही उणीव आहे. आणि खासगी खरेदीखताला तर हे कलम शिवतही नाही.

दुसरीकडे काय केलं जातं? केरळात सत्तरच्या दशकात जवळजवळ पावणेनऊ लाख हेक्टर भातशेती होती, ती दोन लाखांपर्यंत घसरली. इतकं गमावल्यावर 2008 मध्ये त्यांनी भातजमीन आणि पाणथळ संरक्षणाचा कायदा केला. गावागावांतल्या भातशेतांची यादी करायची, त्या यादीतलं शेत बुजवायचं नाही, आणि देखरेख स्थानिक समितीची. तमिळनाडूने 2020 मध्ये कावेरीचा त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषी क्षेत्र म्हणून घोषित केला. केरळला उशीर झाला. कृष्णेच्या या वरच्या खोऱ्यात अजून तो झालेला नाही. कावेरीला जे मिळालं ते कृष्णेला का मिळू नये, हा प्रश्न वाईतून, सांगलीतून, कराडातून एकत्र विचारला गेला पाहिजे.

घरं लागणार, शाळा लागणार, तरुणांना काम लागणार. ते सगळं व्हावं. बाबासाहेबांचा आग्रह तोच होता. त्यासाठी दोन-चार आण्यांची मुरमाड जमीन आधी, गावठाणालगतच्या माळाच्या बाजूला, आणि डोंगरउतार सोडून. 2021 च्या जुलैत देवरुखवाडीवर दरड आली, जोर-जांभळीकडे भातखाचरं वाहून गेली; उतार ढासळला की काय होतं ते आपण पाहिलं आहे.

राज्य कायदा करेपर्यंत थांबायची गरज नाही. प्रत्येक गावाच्या दप्तरात गाव नमुना दोन असतो, त्यात बिनशेती झालेल्या जमिनीची नोंद असते. नमुना अकरामध्ये गावाच्या पिकांचा गोषवारा असतो. सातबाऱ्यातल्या बाराव्या नमुन्यात कोणत्या गटात काय पेरलं आणि कोणता गट पड आहे हे लिहिलेलं असतं, आणि 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीमुळे ते शेतकऱ्याला स्वतः भरता येतं. हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवले, त्याला जुन्या प्रतबंदीचा चौथा कागद जोडला, की दहा वर्षांत आपल्या गावाची किती आण्यांची किती जमीन अन्नातून गेली ते कळतं. वाईच्या महाविद्यालयांतली मुलं हे काम एका उन्हाळ्यात करू शकतात. मी त्यांच्याबरोबर बसायला तयार आहे, माती ओळखायला शिकवायला तयार आहे.

1 मेच्या ग्रामसभेला थोडेच दिवस उरले आहेत. आपल्यापैकी जे गावांतून आले आहेत, त्यांनी त्या सभेत एवढा ठराव मांडावा: ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी नमुना दोन आणि नमुना अकराचा दहा वर्षांचा गोषवारा 15 ऑगस्टच्या सभेपुढे वाचून दाखवावा, आणि चौदा आण्यांच्या वरच्या गटांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी. ठरावाचा मसुदा मी छापून आणला आहे. दाराशी कार्यकर्त्यांकडे प्रती आहेत, जाताना घेऊन जा.